बिगोनियाचा संकर करण्यापूर्वी

काचपेटीत दुर्मिळ बिगोनिया वाढवणाऱ्याला दोन-तीन वर्षांत एक इच्छा हमखास होते: आपल्या हातून एखादा नवा संकर तयार व्हावा. इच्छा चांगली आहे. नर आणि मादी फुलं एकाच रोपावर पण वेगवेगळी, त्यामुळे परागणाचं काम नवख्यालाही जमतं. अडचण वेगळीच आहे. ज्या रोपांवर हे प्रयोग होतात ती बहुतेक घरांत एकेकच असतात, आणि त्यांतल्या काही प्रजाती निसर्गातही एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरलेल्या असतात. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही: ज्या रोपाची दुसरी प्रत तुमच्याकडे नाही, त्याला बोंड धरू देऊ नका.

हे सांगण्यामागे एक रोप आहे. बिगोनिया अँफिऑक्सस ही बोर्निओ बेटावरच्या साबा प्रांतातली, चुनखडीच्या डोंगरांवर वाढणारी प्रजाती. अरुंद पान दोन्ही टोकांना निमुळतं होत जातं, त्यावर लाल ठिपके असतात आणि देठ पानाच्या कडेला न जुळता मधोमध खालून जुळलेला असतो. माझ्याकडे आलेलं रोप एका संग्राहकाच्या घरी फांदीपासून वाढवलेलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला मादी फुलं आली, परागण साधलं, बोंड फुगायला लागलं. त्याबरोबर शेंड्याची नवी पानं आधीपेक्षा लहान येऊ लागली. रोपाची सगळी ताकद बोंडाकडे वळली होती. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती रात्रीच आली. पेट्यांच्या मांडणीवरचे छोटे पंखे बंद, बाहेर पुण्याचं ऊन, घर तापलेलं. रात्री झाकण उघडलं तर पानं पाणी मुरल्यासारखी अर्धपारदर्शक दिसत होती. पुढच्या दोन-तीन दिवसांत खोड बुडाशी मऊ पडलं आणि बोंड हिरवं असतानाच गळलं. शेजारच्या पेट्यांतली, फुलांवर नसलेली रोपं पानं टाकून का होईना, वाचली.

आज माझ्याकडे अँफिऑक्सस आहे, कारण हिवाळ्यात त्याचा एक शेंडा मी नाशिकच्या मैत्रिणीला दिला होता. तिने तो रुजवला, वाढवला आणि पावसाळ्यात त्याचीच एक फांदी मला परत पाठवली.

प्रत करताना रोपाचा प्रकार आधी ओळखावा लागतो. रेक्स किंवा मॅसोनियानासारखे, जाड आडव्या खोडावरून सरपटत वाढणारे बिगोनिया पानाच्या तुकड्यापासून सहज होतात. पक्व, निरोगी पान घ्यायचं, ठळक शीर प्रत्येक तुकड्यात येईल असे त्रिकोणी तुकडे पाडायचे आणि देठाकडची बाजू ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये जेमतेम खोचायची. दीड-दोन महिन्यांत शिरेच्या टोकाशी बारीक रोपं दिसतात. ताठ, पेराच्या खोडाच्या बिगोनियांचं मात्र असं होत नाही. त्यांच्या पानाला मुळं फुटतात, पान महिनोन् महिने हिरवं राहतं, पण त्यातून अंकुर बहुधा येत नाही. तिथे निदान एक पेर असलेली फांदीच हवी. मुळं दिसली म्हणून प्रत झाली असं समजून मूळ रोपावर प्रयोग सुरू करणारे मी पाहिले आहेत. नवा अंकुर दिसेपर्यंत थांबा. आणि ती प्रत आपल्याच घरात ठेवून भागत नाही. आपल्या घरची वीज गेली की दोन्ही पेट्या तापतात.

काचपेटीची कल्पना जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना 1829 मध्ये बंद बाटलीत आपोआप उगवलेलं नेचं दिसलं आणि त्यातून त्यांच्या नावाची पेटी निघाली; पुढे जगभर रोपं जहाजांवरून गेली ती अशाच पेट्यांतून. पण ती पेटी थंड, धुरकट शहरासाठी होती. आपल्याकडे काच झाडाचं रक्षण जितकं करते तितकंच त्याला भाजूही शकते. बहुतेक दुर्मिळ बिगोनियांना 18 ते 26 अंश मानवतं. 30 अंशांच्या वर, हवा न हलणाऱ्या पेटीत, सड कधीही सुरू होऊ शकते. थेट ऊन पेटीवर अर्धा तासही पडता कामा नये, मग ते सकाळचं कोवळं का असेना. उन्हाळ्यात मी दिवे रात्री लावते आणि दिवसा पेट्या अंधारात ठेवते. एलईडीची थोडीबहुत उष्णता रात्रीच्या गारव्यात खपून जाते, आणि झाडाला बारा तास उजेड मिळाल्याशी मतलब. पेट्या मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर, शक्य तर फरशीलगत. वीज गेली तर झाकणं लगेच उघडायची. दमटपणा कमी झाला तर पानं कोमेजतात आणि पुन्हा उठतात, शिजलेलं रोप उठत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पेटीत घालू नये. पेटीला तळाला भोक नसतं, त्यामुळे क्षार वाहून जात नाहीत, साचतच राहतात आणि पानांच्या कडा करपतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागापेक्षा जास्त नको. मिश्रण हलकं ठेवा: मॉस, पर्लाइट, थोडं कुजलेलं पानखत. तळाशी खड्यांचा थर घातला म्हणजे जास्तीच्या पाण्याची चिंता मिटली, हा समज खोटा आहे. खड्यांच्या वरची माती तितकीच चिकट ओली राहते.

उजेडाचं एक उदाहरण मला फार आवडतं. मलेशियाच्या गर्द जंगलातला बिगोनिया पॅव्होनिना तिरक्या नजरेने पाहिला की पानावर मोरपंखी निळाई चमकते. 2016 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ही निळाई पानातल्या खास रचनेच्या हरितलवकांमुळे येते आणि मंद उजेडात प्रकाश अधिक चांगला पकडायला ती रचना उपयोगी पडते. रंग खुलावा म्हणून अशा रोपावर दिवा जवळ आणला तर नेमकी तीच निळाई जाते. त्याला सावलीतच राहू द्या.

नवीन रोप आलं की ते निदान महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवा. पिठ्या ढेकूण, पानावरचे पाणचट जिवाणूजन्य ठिपके, पानाच्या शिरांमध्ये अडकून करपट पट्टे पाडणारे सूत्रकृमी हे सगळं पहिल्या आठवड्यात दिसत नाही, आणि दमट पेटीत एकापासून दुसऱ्याला सहज लागतं. या महिन्यात आणखी एक काम करता येतं: नावाची खातरजमा. एका विक्रेत्याकडून दुर्मिळ प्रजाती म्हणून घेतलेलं रोप फुलावर आल्यावर साधा रेक्स संकर निघालं. तोवर त्याचे पराग दुसऱ्या दोन रोपांवर वापरून झाले होते. त्या बियांपासूनची रोपं सुंदर आहेत, पण त्यांचा बाप कोण हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या कुठल्याही संकरासाठी ती निरुपयोगी आहेत. रोप घेताना विचारा: कोणाकडून आलं, कशापासून वाढवलं, कोणत्या साली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून दुर्मिळ नावाची किंमत मोजून काही घेऊ नका.

आता परागणाकडे. मादी फूल ओळखायला पाकळ्यांच्या मागे पाहायचं; तिथे तीन पंखांचा हिरवट बीजकोश असतो. समोरून त्याची पिवळी, पीळ पडलेली कुक्षी नराच्या पुंकेसरांच्या झुबक्यासारखीच दिसते. निसर्गात मधमाश्या त्या साम्यालाच फसतात, कारण मादी फुलात त्यांच्यासाठी पराग नसतात. बहुतेक बिगोनियांत एका झुबक्यातली नर फुलं आधी उमलतात आणि मादी फुलं नंतर, तेव्हा नर फुलं वेळेत राखून ठेवावी लागतात. बंद पेटीत पुंकेसर ओलेच राहतात, फुटत नाहीत. यासाठी नर फूल देठासकट खुडून कोरड्या बशीत, पंख्याच्या वाऱ्याबाहेर, काही तास ठेवायचं. मग काळ्या कागदावर हलकेच टिचकी मारायची. पिवळी धूळ पडली तरच पराग तयार आहेत. पाकळ्या मागे दुमडून पुंकेसर कुक्षीच्या पिळावर सगळ्या बाजूंनी फिरवायचे, आणि त्याच मिनिटाला देठाला दोरा बांधून चिठ्ठी लावायची. आधी आईचं नाव, मग गुणिलेची खूण, मग बापाचं नाव, आणि तारीख. हा क्रम जगभर पाळला जातो. चिठ्ठी उद्यावर टाकू नका.

परागण साधलं की पाकळ्या सुकतात पण बऱ्याचदा गळत नाहीत, बोंडाला चिकटून राहतात. पेटीत बुरशी तिथूनच सुरू होते. चिमट्याने त्या अलगद काढा. बोंड पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, आणि या काळात आईला हळूहळू उघड्या झाकणाची सवय करावी लागते. बोंड तपकिरी होऊन देठ सुकायला लागला की ते कापून कागदी पाकिटात वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

बी तपकिरीसारखं बारीक असतं. श्वास रोखूनच ते हाताळावं लागतं. त्याला उजेड लागतो म्हणून त्यावर माती घालायची नाही. उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या बारीक कोकोपीटवर, पारदर्शक झाकणाच्या डब्यात, दुमडलेल्या कागदाच्या खाचेतून ते विरळ शिंपडायचं. दाट पडलं तर एका ठिपक्याएवढी बुरशी सगळं नेते. दोन-तीन आठवड्यांत हिरवी छटा दिसते. कधी कधी काहीच दिसत नाही, आणि त्यात तुमचा दोष नसतो. बिगोनियाच्या दोन हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांच्या गुणसूत्रांची संख्या एकमेकींपासून फार वेगळी असते, त्यामुळे दूरच्या दोन प्रजातींचं बोंड भरल्यासारखं दिसूनही आत पोकळ भुसा निघतो. रेक्स आणि त्याचे आशियाई भाऊबंद आपापसांत सहज जुळतात. सुरुवात तिथून करावी.

दोन शुद्ध प्रजातींच्या पहिल्या पिढीतली रोपं बरीचशी एकसारखी निघतात. वैविध्य पाहायचं तर त्यांचा पुन्हा आपापसांत संकर करून दुसरी पिढी घ्यावी लागते. आसामातून 1850च्या दशकात युरोपात पोहोचलेल्या रेक्सचे वंशज दीडशे वर्षं असेच मिसळत आले आहेत, म्हणून त्यांच्या एकाच बोंडातून चंदेरी, जांभळी, काळपट अशी नाना रंगांची पानं निघतात. पाहून हरखून जायला होतं, आणि नेमका तिथेच मोह आवरावा लागतो. आईबापांपेक्षा काही तरी अधिक नसेल, मग ते उन्हाळा सोसण्याची ताकद असो, आटोपशीर बांधा असो किंवा फुलांचा बहर, तर त्या रोपाला नाव देऊ नका. नाव दिलंच तर नोंदणीसाठी अमेरिकन बिगोनिया सोसायटी आहे. ही संस्था 1932 पासून काम करते. बाकीची रोपं मी कंपोस्टमध्ये टाकते. मन धजत नाही, तरी टाकते, कारण त्यांना दिलेली प्रत्येक जागा शुद्ध प्रजातीच्या वाट्याची असते.

शुद्ध प्रजाती राखण्याचा हा आग्रह का, ते चुनखडीच्या डोंगरांकडे पाहिलं की कळतं. व्हिएतनाम, दक्षिण चीन, बोर्निओ इथल्या कित्येक बिगोनियांचं सगळं जग म्हणजे एक डोंगर. सिमेंटसाठी तो डोंगर फोडला गेला किंवा संग्राहकांनी ओरबाडला तर प्रजाती संपते. म्हणून अनेक संशोधक नव्या प्रजातीचं वर्णन छापताना तिची नेमकी जागा सांगत नाहीत. जंगलातून उपटलेलं रोप ओळखता येतं: पानांवर किडींनी खाल्लेली जुनी भोकं, जाड वयस्क खोड, तुटलेली मुळं, आणि विक्रेत्याकडे एकाच वेळी आलेला अशा रोपांचा ढीग. असं रोप घेऊ नका. परदेशातून मागवायचं असेल तर 2003च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कपड्यांच्या पार्सलात लपवून येणारी फांदी बेकायदा तर असतेच, शिवाय सोबत काय आणते हे कोणी तपासलेलं नसतं.

आपल्या सह्याद्रीतही बिगोनिया आहेत. पावसाळ्यात घाटांतल्या ओल्या कातळांवर बिगोनिया क्रेनाटाची फिकट गुलाबी फुलं अनेकांनी पाहिली असतील. पाऊस सरला की त्याची पानं जातात आणि कंद कपारीत विसावतो. बारमाही दमट पेटीत त्याला ही विश्रांती मिळत नाही आणि कंद कुजतो. ट्रेकला गेलेल्यांनी तो खरवडून घरी आणू नये, फोटो काढावा आणि पुढे जावं.

तुमच्या पेटीत ज्या प्रजातीचं एकच रोप आहे तिचं एक पान किंवा एक फांदी या आठवड्यात कापून लावा. नवा अंकुर आला की खऱ्या नावाच्या चिठ्ठीसह ते रोप दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी द्या. परागणाचा ब्रश त्यानंतर हातात घ्या.