खडखडाट रॅकचाच असेल असं नाही

प्रश्न : माझी हॅचबॅक २००८ची. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंग रॅकच बदला. नुसत्या अलाइनमेंटने भागणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अलाइनमेंटने चाकांची दिशा जुळते, आवाज जात नाही. पण रॅकचीही घाई नको. गाडी जॅकवर चढवून, खाली स्टँड लावून चाक डावी-उजवीकडून धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड. वर-खाली धरून जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. काहीच हललं नाही, तर लोअर आर्मचे बुश बघा. एवढ्या वर्षांत रबराला भेगा पडतातच. हे सगळं रॅकपेक्षा पुष्कळ स्वस्त. टाय रॉड एंड बदलला की मात्र अलाइनमेंट हवीच. आणि बॉल जॉइंट सैल निघाला, तर तो बदलेपर्यंत गाडी गॅरेजमधून हलवू नका.