विकिपीडियाचा लुआ कोड आणि लुआचेक

मराठी विकिपीडियावरील साच्यांमागचे तर्कशास्त्र २०१३ पासून लुआ भाषेत लिहिता येते. ही सोय स्क्रिबुंटो या विस्ताराची. त्यात लुआची ५.१ आवृत्ती चालते आणि 'एमडब्ल्यू' ही लायब्ररी प्रत्येक मॉड्यूलला न मागता मिळते. लुआ कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या लुआचेक या साधनाला मात्र तिची ओळख नसते. कोड संगणकावर उतरवून तपासायला घेतला की जिथे 'एमडब्ल्यू' आले तिथे ११३ क्रमांकाची सूचना येते: अनोळखी ग्लोबल.

या भडिमाराला कंटाळून ग्लोबलविषयीच्या सगळ्याच सूचना बंद करून टाकण्याची सवय अनेकांना असते. ती महागात पडते. उदाहरणच घ्यायचे तर, १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुरगी झाले. जुने नाव आले की नवे दाखवणारे एक छोटे मॉड्यूल आहे असे समजू. त्यातल्या तक्त्याचे नाव 'यादी'. लुआत चलांची नावे रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात आणि मराठी शब्दांच्या रोमन स्पेलिंगला कसलाच धरबंध नसतो. वर एका 'ए'ने लिहिलेली 'यादी' खाली दोन 'ए'नी लिहिली जाते. लुआ त्या दुसऱ्या नावाला निमूटपणे 'निल' मानते. तक्ता आहे की नाही याची अट आधीच घातलेली असेल, तर त्रुटीही दिसत नाही; पानावर गुलबर्गाच राहते. बंद केलेली सूचना हीच चूक पकडत होती.

योग्य मार्ग फारसा लांबचा नाही. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट लुआचेकआरसी' ही फाइल ठेवावी. तीही लुआतच लिहायची असते. त्यात 'एसटीडी'ला 'लुआ५१' हे मूल्य द्यावे आणि 'एमडब्ल्यू'ची नोंद 'रीड ग्लोबल्स'मध्ये करावी. नुसत्या 'ग्लोबल्स'मध्ये केली, तर चुकून त्या लायब्ररीवरच काही लिहिले गेले तरी लुआचेक गप्प बसते.

नुसते नाव नोंदवले की त्याखालचे कोणतेही फील्ड चालते. म्हणून 'फील्ड्स' देऊन वापरातली फंक्शने एकेक लिहिणे बरे. तसे केल्यावर 'एमडब्ल्यू'खालच्या 'यूस्ट्रिंग'चे स्पेलिंग चुकले तरी १४३ क्रमांकाची सूचना येते. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते.

उलट बाजूही सांभाळावी लागते. 'प्रिंट', 'आयओ', 'डूफाइल' लुआचेकला मान्य असतात, स्क्रिबुंटोत ती नाहीत. ती 'नॉट ग्लोबल्स'मध्ये टाकावीत. 'स्ट्रिंग.लेन'ही तिथेच जावे, कारण ते बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे. 'बीदर'ची लांबी ते १२ सांगते, 'भालकी'ची १५. 'एमडब्ल्यू.यूस्ट्रिंग.लेन' अनुक्रमे ४ आणि ५ सांगते. मात्र अपूर्णविराम वापरून स्ट्रिंगवरच 'लेन' बोलावले, तर लुआचेकला ते कळत नाही. तिथे डोळ्यांनीच पाहावे लागते.

नवे फंक्शन 'फील्ड्स'मध्ये घालण्याआधी मॉड्यूलच्या संपादन पानाखालील डीबग कन्सोलमध्ये ते एकदा चालवून पाहावे.