रंग ऐकणारा कलावंत

स्पेन देशाच्या ईशान्येस कॅटॅलोनिया नावाचा प्रांत आहे. तेथे भूमध्य समुद्राच्या काठी, बार्सिलोना शहरापासून जवळच, मातारो हे गाव वसले आहे. या गावात नील हार्बिसन नावाचा एक मुलगा वाढत होता. त्याची आई कॅटॅलन, तर वडील उत्तर आयर्लंडचे. संगीताची आणि चित्रकलेची त्याला मनापासून गोडी होती. परंतु रंगांची नावे सांगताना मात्र त्याचा हटकून घोटाळा होई. पाहणाऱ्याला वाटे, मुलगा लहान आहे, शिकेल हळूहळू.

पण तो शिकला नाही. आणि त्याचा त्यात काही दोषही नव्हता. तो अकरा वर्षांचा असताना वैद्यकीय तपासणीत असे निष्पन्न झाले की, त्याला जन्मापासून एकही रंग दिसत नाही.

आपल्या डोळ्यांच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्यावर दंडपेशी आणि शंकुपेशी अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशींमुळे मंद उजेडातही वस्तूंचे आकार दिसतात; रंगांची ओळख पटविण्याचे काम शंकुपेशींकडे असते. ज्यांच्या शंकुपेशी जन्मतःच निकामी असतात, त्यांना सारे जग काळे, पांढरे आणि करडे दिसते. लाल आणि हिरवा यांत गल्लत होणारी माणसे पुष्कळ आढळतात. परंतु संपूर्ण रंगांधत्व हे सुमारे ३०,००० माणसांत एखाद्यालाच असते. अशा माणसाला इंद्रधनुष्य म्हणजे आकाशातील एक करडा पट्टा. पाण्याच्या तोटीवरील तांबडी खूण कोणती नि निळी कोणती, हे त्याला कळत नाही. हिरवा, पांढरा व लाल असे पट्टे असलेला इटलीचा ध्वज आणि हिरवा, पांढरा व नारिंगी असे पट्टे असलेला आयर्लंडचा ध्वज त्याच्यासमोर धरले, तर त्याने फरक तरी कसा ओळखावा?

एवढे असूनही हार्बिसनने चित्रकला सोडली नाही. सोळाव्या वर्षी तो कलाशाळेत दाखल झाला. तेथे त्याला एक खास सवलत मिळाली: आपली सर्व चित्रे केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या रंगांत काढण्याची. पुढे संगीतरचना शिकण्यासाठी तो इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन कला महाविद्यालयात गेला. तेथे २००३ साली अ‍ॅडम मोंटँडन या तरुणाचे व्याख्यान झाले. यंत्रांच्या साहाय्याने माणसाच्या ज्ञानेंद्रियांची शक्ती वाढविता येईल काय, असा त्याचा विषय होता. व्याख्यान संपल्यावर हार्बिसन त्याला भेटला आणि त्याने आपली अडचण सांगितली. ज्याला रंग दिसत नाहीत त्याला ते ऐकविता येतील काय, या विचाराने दोघांच्या प्रयोगाला तेथेच आरंभ झाला.

ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु तिच्या मुळाशी विज्ञानाचे एक साधे तत्त्व आहे. तंबोऱ्याची तार छेडली की ती कंप पावते. कंपने सावकाश असली तर स्वर खालचा येतो, जलद असली तर वरचा. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. प्रकाशाच्या लहरी ध्वनीहून अगदी निराळ्या जातीच्या असल्या, तरी त्यांनाही कंपनसंख्या असतेच. मात्र ती प्रचंड असते. तांबड्या प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे ४ कोटी कोटी, तर जांभळ्याची सुमारे साडेसात कोटी कोटी. हे आकडे त्याच प्रमाणात खाली आणले, तर तांबडा हा सर्वांत खालचा स्वर ठरतो, जांभळा सर्वांत वरचा, आणि बाकीचे रंग आपापल्या क्रमाने मध्ये बसतात. संस्कृतातील ‘राग’ या शब्दाचा एक अर्थ ‘रंग’ असाही आहे, हे येथे सहज आठवते.

पहिले यंत्र फारसे देखणे नव्हते. कपाळावर एक लहानसा कॅमेरा, कानांवर हेडफोन आणि त्यांना जोडलेला ५ किलो वजनाचा संगणक, असा सारा संसार घेऊन हार्बिसन हिंडू लागला. कॅमेरा समोरचा रंग टिपी, संगणक त्याचा स्वर करी आणि तो स्वर कानात घुमू लागे. प्रारंभी या अखंड गुंजारवाने त्याचे डोके दुखे. शिवाय कोणता स्वर कोणत्या रंगाचा, हे सारे पाठ करावे लागे. काही महिन्यांनी मात्र आठवण्याचे कष्ट संपले. स्वर कानी पडताच रंग उमजू लागला. पुढे पीटर केसे या स्लोव्हेनियातील संगणकतज्ज्ञाने या यंत्रात सुधारणा केली. त्याने एका सप्तकाचे ३६० सूक्ष्म भाग पाडले. आपल्या शास्त्रकारांनी सप्तकात २२ श्रुती मानल्या. त्यावरून हे भाग किती बारीक असतील याची कल्पना येईल. रंग गडद असेल तर स्वर मोठा, फिका असेल तर हलका, अशीही योजना झाली.

हार्बिसनला तेवढ्यावर समाधान नव्हते. हेडफोनमुळे बाहेरचे आवाज अडत. कान तर त्याला मोकळे हवे होते. दोन्ही कानांत बोटे घालून तोंड मिटून गुणगुणावे, म्हणजे आपलाच आवाज डोक्याच्या हाडांतून कसा घुमतो ते चटकन कळते. तोच मार्ग त्याने पत्करला. यंत्र कवटीलाच जोडून द्यावे, असा त्याने आग्रह धरला. वैद्यकीय नीतीचा विचार करणाऱ्या समित्यांनी त्यास नकार दिला. आणि निरोगी माणसाच्या कवटीला छिद्र पाडण्यापूर्वी त्यांनी दहादा विचार केला, तर त्यांना तरी दोष कसा द्यावा? अखेर ज्यांची नावे जाहीर झाली नाहीत अशा शल्यविशारदांनी ते काम पार पाडले. तेव्हापासून त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूने निघून कपाळापुढे वाकलेली, टोकाला डोळा असलेली एक शलाका दिसते. फुलपाखराच्या मिशीची आठवण व्हावी, असेच तिचे रूप आहे.

२००४ साली पारपत्राच्या वेळी मोठाच पेच उभा राहिला. छायाचित्रात विजेचे उपकरण चालणार नाही, असे ब्रिटिश पारपत्र कार्यालयाने कळविले. हार्बिसनने उत्तर दिले की, हे उपकरण नव्हे, हा माझ्या देहाचाच भाग आहे. त्याच्या डॉक्टरांनी, मित्रांनी आणि महाविद्यालयाने त्याच्या बाजूने पत्रे लिहिली. बराच पत्रव्यवहार झाल्यावर त्याचे म्हणणे मान्य झाले आणि शलाकेसह काढलेले त्याचे छायाचित्र पारपत्रावर छापले गेले.

रंग ऐकू येऊ लागल्यावर त्याच्या रोजच्या वागण्यात जे बदल झाले, त्यांचे त्याने २०१२ साली एडिंबरो येथील व्याख्यानात मोठे गमतीदार वर्णन केले. पूर्वी तो डोळ्यांना बरे दिसतील असे कपडे घाली. आता तो कानांना गोड लागतील असे कपडे घालतो! अंगरखा, सदरा आणि विजार यांचे तीन स्वर मिळून एक स्वरमेळ व्हावा लागतो. आनंदाच्या दिवशी सा, शुद्ध गंधार आणि पंचम यांच्यासारखा प्रसन्न मेळ; अंत्यविधीला जायचे असेल तर कोमल गंधाराचा उदास मेळ. मात्र असा उदास मेळ निळसर हिरवा, जांभळा आणि नारिंगी या रंगांनीही साधतो. शोकसभेत असा भडक पोशाख पाहून लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्याच्या कानी तो शोकाचाच स्वर असतो. ताटातील पदार्थही तो अशा रीतीने मांडू शकतो की, जेवताना आवडते गाणे ऐकू यावे.

त्याची कलाही या नव्या इंद्रियातूनच घडली. एखाद्याचे व्यक्तिचित्र करताना तो कुंचला हाती घेत नाही. समोर उभा राहून केस, डोळे, ओठ आणि त्वचा यांचे स्वर तो टिपून घेतो व त्यांतून त्या चेहऱ्याचा स्वरमेळ तयार करतो. आज इंग्लंडचे राजे असलेले चार्ल्स युवराज होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचे स्वरही त्याने असेच टिपले. उलट, ऐकलेल्या स्वरांची तो चित्रे काढतो. मोझार्टसारख्या रचनाकारांचे संगीत त्याने स्वरामागून स्वर असे रंगांच्या पट्ट्यांत उतरविले आहे.

भाषणांची चित्रे हा तर त्याचा आगळाच प्रयोग होय. मार्टिन ल्यूथर किंग यांचे एक भाषण आणि हिटलरचे एक भाषण त्याने रंगांत रेखाटले. प्रदर्शनात ही चित्रे नावांच्या पाट्यांवाचून शेजारी शेजारी लावली जात आणि कोणते अधिक आवडले, असे तो प्रेक्षकांना विचारी. प्रेक्षक एकाची निवड करीत. मग तो नावे सांगे. आणि बहुतेक जण घाईघाईने आपली निवड बदलीत. रंग तर तेच होते!

माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहता पाहता त्याला आणखी एक गोष्ट आढळली. माणसे गोरी किंवा काळी असतात, असे तो लहानपणापासून ऐकत आला होता. शलाकेने मात्र एकही पांढरा चेहरा दाखविला नाही आणि एकही काळा चेहरा दाखविला नाही. सर्वांच्या त्वचेचा स्वर नारिंगीचाच निघाला. कोणाचा अगदी फिका, कोणाचा अगदी गडद, एवढाच भेद.

त्याची बालमैत्रीण मून रिबास ही नृत्यरचनाकार आहे. २०१० साली या दोघांनी मिळून, यंत्राला आपल्या देहाचा भाग करू इच्छिणाऱ्यांसाठी एक संस्था काढली. रिबासने आपल्या शरीरात काही वर्षे असे यंत्र बसविले होते की, पृथ्वीवर कोठेही भूकंप झाला तर तिला त्याचे कंपन जाणवावे. रंगमंचावर ती निश्चल उभी राही. भूकंपाचा धक्का आला तरच तिचे अंग हाले. धक्का जसा, तशी हालचाल. भूकंप झालाच नाही, तर नृत्यही होत नसे.

हार्बिसनला खरोखर रंग कळतात काय, अशी शंका कोणासही येईल. तांबडे फूल पाहून इतरांना जे वाटते ते त्याला वाटत नाही, हे उघड आहे. त्याला केवळ एक खालचा स्वर ऐकू येतो. पण झोपेत, यंत्राचा काही संबंध नसताना, स्वप्नांतही त्याला रंगांचे स्वर ऐकू येऊ लागले. यंत्र आपल्याहून वेगळे उरले नाही, असे त्याला वाटू लागले ते त्या वेळेपासून.

सप्तकाला दोन्ही बाजूंनी वाढविता येते, हे संगीत शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तांबड्याच्या खाली अवरक्त आणि जांभळ्याच्या वर अतिनील किरण असतात. ते कोणाही माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. हार्बिसनने आपल्या यंत्रात त्यांनाही जागा करून दिली. एखाद्या दालनात पाऊल टाकताच, माणसांची चाहूल घेणारे अवरक्त किरणांचे यंत्र तेथे चालू आहे की नाही, हे त्याला ऐकू येते. आणि ऊन पडलेले पाहून मंडळी समुद्रकाठी निघाली, की आज अतिनीलाचा स्वर चढला आहे, उन्हात फार वेळ बसू नका, असे तो त्यांना सांगू शकतो.