मराठी सूचना आणि यंत्राची स्मृती

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात टाकीतील पाण्याची पातळी संगणकाच्या पडद्यावर कळविणारे छोटे यंत्र शाळेतही तयार करता येते. त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो उनोमधील एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट, तर रॅम अवघी २ किलोबाइट असते.

अडचण येथेच उद्भवते. सी भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेली प्रत्येक सूचना यंत्र सुरू होताच फ्लॅशमधून रॅममध्ये उतरविली जाते. त्यातच यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर ३ बाइट घेते; काना, वेलांटीही वेगळी मोजावी लागते. ‘टाकी भरली’ एवढ्या मजकुरास मधली मोकळी जागा व अखेरचे शून्य धरून २६ बाइट लागतात. अशा ४० सूचनांत निम्म्याहून अधिक रॅम खर्ची पडते. रॅम अपुरी पडली की यंत्र मध्येच पुन्हा सुरू होते किंवा टाकी रिकामी असता भलतेच काही कळविते.

यावर उपाय सोपा आहे. छापावयाची सूचना ‘एफ’ या मॅक्रोत घालावी, म्हणजे ती फ्लॅशमध्येच राहते. सूचनांच्या मोठ्या तक्त्यास ‘प्रोगमेम’ लावावे. मात्र तो वाचण्यास स्वतंत्र फंक्शने लागतात. केवळ ‘कॉन्स्ट’ लिहून येथे भागत नाही, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र हा खटाटोप करावा लागत नाही.