घरात वाढीव सॉकेट बसविताना

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता या गावी एकत्र येतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस भाविकांची मोठी गर्दी होते. अशा गावांत दुकान आणि राहते घर पुष्कळदा एकाच छपराखाली असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कूलर सुरू होतात, पाहुण्यांची वर्दळ वाढते आणि ‘आणखी एक सॉकेट हवे’ अशी गरज घरोघरी भासू लागते. गरज साधी आहे. परंतु ती भागविण्याची रीत चुकली, तर गाठ आगीशी अथवा प्राणहानीशी पडते.

जुन्या तारा, नवी साधने

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० साली झाली. पुढील दशकांत वीज गावोगावी पोहोचली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. खेड्यातील घरात वीज आली ती मुख्यतः दिव्यासाठी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी १९८८-८९ मध्ये सुरू झालेली ‘कुटीर ज्योती’ योजना एका दिव्याच्या जोडणीचीच होती. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेतही गरीब कुटुंबाच्या घरातील मांडणी एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगची एक जागा एवढी मर्यादित होती. आज त्याच घरांत मिक्सर, इस्त्री, शीतकपाट, कूलर आणि पाणी तापविण्याची कांडी आली आहे. साधने वाढली, भिंतीतील तार मात्र बहुधा तीच राहिली.

सॉकेट वाढते, तारेचे बळ वाढत नाही

वाढीव सॉकेट म्हणजे भिंतीवर बसविलेली आणखी एक वस्तू, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो जुन्या तारेवर टाकलेला नवा भार असतो. हे समजण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. साधनाच्या वॅटला २३० व्होल्टने भागले की त्यास लागणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. १,००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर, तर १,५०० वॅटची कांडी सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे ही कांडी एकटीच ६ अँपिअरच्या लहान सॉकेटची मर्यादा ओलांडते. दोन्ही साधने मल्टिप्लगच्या साहाय्याने एकाच सॉकेटवर लावली, तर प्रवाह ११ अँपिअरच्या घरात जातो.

प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. तारेवरील आवरण प्रथम मऊ पडते, मग ठिसूळ होते आणि अखेरीस दोन तारा एकमेकींस भिडतात. माळवदाच्या घरात लाकडी तुळया व दांड्यांलगत गेलेल्या तारांबाबत हा धोका अधिक असतो. सॉकेट काळे पडणे, स्विच गरम लागणे, जळका वास येणे किंवा फ्यूज वारंवार उडणे या त्याच्या पूर्वसूचना होत. अशा वेळी फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे राखणदारालाच बांधून ठेवण्यासारखे आहे.

म्हणून इस्त्री, कांडी, गिझर अशा साधनांसाठी १६ अँपिअरचे सॉकेट हवे आणि त्यासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी. ही तार तांब्याची व किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी असावा आणि अशा एका मंडलावर दोनपेक्षा अधिक सॉकेट नसावेत. दिवे व पंखे यांचे मंडल वेगळे ठेवावे. त्यावर दहापेक्षा अधिक जागा अथवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार देऊ नये, असा प्रघात आहे. तार, सॉकेट व स्विच भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण असलेलेच घ्यावेत.

अर्थिंग : तिसऱ्या छिद्राचे महत्त्व

सॉकेटमधील वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे असते. पुष्कळ घरांत ते केवळ शोभेपुरते असते. त्यामागे तारच नसते. लोखंडी कूलरच्या आत फेजची तार सुटून पत्र्यास लागली आणि अर्थिंग नसले, तर संपूर्ण कूलरमध्ये वीज उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यात पाणी भरणारी गृहिणी किंवा जवळ खेळणारे मूल त्या विजेस वाट करून देते.

या बाबतीत दोन घातक युक्त्या प्रचलित आहेत. अर्थिंगची तार नसली की सॉकेटच्या आत अर्थिंग व न्यूट्रल एकत्र जोडले जातात. पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर धड असलेल्या साधनाच्या पत्र्यातही वीज येते. दुसऱ्या युक्तीत न्यूट्रल बंद पडल्यावर जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवे चालविले जातात. त्या सळईस व भोवतालच्या ओल्या जमिनीस स्पर्श करणारी माणसे व जनावरे दोन्ही धोक्यात येतात. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळल्या पाहिजेत.

बालाघाटच्या परिसरातील मुरमाड व खडकाळ जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत वीज सहज मुरत नाही. त्यामुळे अर्थिंगचा खड्डा ओलावा टिकेल इतका खोल असावा आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे.

फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. तो कित्येक अँपिअरला तुटतो. माणसाच्या जिवास मात्र अँपिअरचा अगदी लहान अंशही पुरतो. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परतला नाही, तर हे उपकरण क्षणार्धात वीज तोडते. त्यावरील चाचणीचे बटन ठरावीक मुदतीने दाबून पाहावे. मात्र त्यामुळे एमसीबी व अर्थिंग यांची गरज संपत नाही.

काम कोणी व कसे करावे

जुना स्विच किंवा दिवा बदलणे वेगळे आणि मांडणीत भर घालणे वेगळे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार मांडणीत भर घालण्याचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावयास हवे. मीटरनंतरच्या मांडणीची जबाबदारी ग्राहकाची असते. मीटरचे सील मात्र त्याने कदापि तोडू नये. भार मंजुरीपेक्षा वाढणार असल्यास महावितरणकडे तसा अर्ज करावा.

काम सुरू असताना घरमालकाने पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. वीज गेलेली आहे म्हणून कामास हात घालू नये. ती केव्हाही परत येते. मेन स्विच बंद करून त्यावर सूचना लावावी. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. त्यानंतर चालू जागी पारखून घेतलेल्या टेस्टरने तार तपासावी.

२. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असावा. सॉकेटकडे तोंड करून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थिंग असावे.

३. तारांचा सांधा भिंतीतील नळीत लपवू नये. तो उघडता येणाऱ्या डबीतच असावा.

४. मोरी, न्हाणीघर आणि गळक्या माळवदाखालील ओली भिंत येथे सॉकेट बसवू नये. मुलांच्या हातास लागेल अशा जागी शटर असलेलेच सॉकेट घ्यावे.

५. काम संपल्यावर तारांच्या आवरणाची मेगरने व अर्थिंगची योग्य उपकरणाने चाचणी करून घ्यावी आणि ठेकेदाराकडून लेखी चाचणी अहवाल घ्यावा.

एखाद्यास विजेचा धक्का बसल्यास त्यास हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर सारावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सार्वजनिक इमारतींची जबाबदारी

शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालय येथेही संगणक, दूरदर्शन संच व पाणी शुद्ध करणारी यंत्रे आली आहेत. ती पुष्कळदा एकाच लांब वायरवर, खिडकीतून वा दारातून ओढलेल्या जोडणीवर चालतात. नवे साधन खरेदी करतानाच त्याच्या सॉकेटची, तारेची व अर्थिंगची तरतूद अंदाजपत्रकात केली, तर हा प्रकार टळेल. शिक्षकांनी वर्गात वॅट व अँपिअरचे वरील गणित मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या घरातील साधनांवर सोडवून घ्यावे. ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत परवानाधारक ठेकेदारास बोलावून शंकानिरसन करता येईल आणि पावसाळ्यापूर्वी सार्वजनिक इमारतींच्या अर्थिंगची तपासणी हे पंचायतीचे दरवर्षीचे काम ठरविता येईल. कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या हातास आपल्या घरातील तिसऱ्या छिद्रामागे खरोखर तार आहे, ही खात्री मिळावी, एवढाच या सर्व खटाटोपाचा हेतू आहे.