आकाशाचें चित्र वाचावें कसें?

पावसाळ्यांत घरांतील वडील मंडळी पश्चिमेकडे पाहून पावसाचा अंदाज बांधीत. परंतु डोळ्यांस दिसणारें आकाश क्षितिजापाशीं संपतें. ता. १ एप्रिल १९६० रोजीं अमेरिकेनें ‘टायरॉस-१’ हा उपग्रह सोडला व अवकाशांतून ढगांचीं चित्रें येऊं लागलीं. आज तशीं चित्रें इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहतां येतात. तीं मिळणें सोपें झालें. तीं वाचणें मात्र शिकावें लागतें. तोच पाठ आपण येथें घेऊं.

भारतीय हवामान विभागाच्या ‘मौसम’ या संकेतस्थळावर उपग्रहांचीं व रडारांचीं चित्रें मिळतात. आपल्या देशाचे इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. पृथ्वीच्याच गतीनें ते फिरत असल्यामुळें एकाच जागीं स्थिर भासतात व तासांतून अनेक वेळां आपल्या भूभागाचीं चित्रें धाडतात.

त्यांत दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला दृश्य प्रकाशाचा. तो दिवसाच उपयोगी, कारण रात्रीं तें चित्र काळें पडतें. दुसरा अवरक्त किरणांचा. तो अहोरात्र चालतो. या दुसऱ्या चित्रांत जो ढग अधिक थंड, म्हणजे बहुधा अधिक उंच, तो अधिक पांढरा दिसतो. येथेंच नवशिका फसतो. उंचावरील विरळ ढगही पांढराशुभ्र दिसतो, पण त्यांतून थेंबही पडत नाहीं. उलट कोंकणांत जुलै महिन्यांत बेताच्या उंचीचे, चित्रांत फिकट दिसणारे ढगही धो धो कोसळतात. उपग्रह ढगाचा माथा दाखवितो, पोट दाखवीत नाहीं.

ढगाच्या पोटांतलें पाहण्याकरितां रडार. रडार रेडिओ-लहरी सोडतें. त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें, व परतलेल्या लहरींच्या जोरावरून पावसाचा जोर अजमावतां येतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरांत व दूर जाणारीची उतरत्या स्वरांत ऐकूं येते, त्याच न्यायानें डॉप्लर रडार वाऱ्याचाही वेग सांगतें. मात्र पृथ्वी गोल असल्यामुळें दूर अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून कांहीं किलोमीटर वरून जातो, आणि सह्याद्रीसारखा डोंगर आड आल्यास पलीकडचें नीट दिसत नाहीं. म्हणून नकाशावर रंग नाहीं, एवढ्यावरून पाऊस नाहीं असें समजूं नये.

या दोन साधनांतील भेद किती महत्त्वाचा आहे, हें एका दिवसावरून कळेल. ता. २६ जुलै २००५ च्या त्या पावसांत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, तो अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. मुंबईस त्या वेळीं डॉप्लर रडार नव्हतें. पुढें कुलाबा व वेरावली येथें तशीं रडारें बसविण्यांत आलीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चित्र पाहण्यापूर्वीं त्यावरील तारीख व वेळ वाचावी. पुष्कळदां ती वेळ जागतिक, म्हणजे ‘यूटीसी’, असते. तींत साडेपांच तास मिळविले कीं आपली वेळ येते. चित्रावर ०६:०० असेल, तर तें सकाळीं ११ वाजून ३० मिनिटांचें. २०:०० असेल, तर तें दुसऱ्या दिवशीं पहाटे १ वाजून ३० मिनिटांचें, म्हणजे तारीखही बदलली. कधीं कधीं यंत्र पूर्वीं उघडलेलें जुनेंच चित्र पुन्हा दाखवितें. यास्तव तें पान नव्यानें उघडावें. वादळाच्या दिवसांत मागल्या वर्षांचीं चित्रेंही हातोहात फिरतात. वेळ व तारीख नसलेलें चित्र कितीही भयंकर दिसो, तें पुढें धाडूं नये. अशा एका चित्रानें कोणी विनाकारण घाबरतो. तर तीन तासांपूर्वींचें निरभ्र आकाश पाहून कोणी होडी समुद्रांत लोटतो, किंवा कापलेलें भात खळ्यावर उघडें टाकतो.

विद्यार्थ्यांनीं येत्या पावसाळ्यांत एक आठवडाभर हा अभ्यास करून पाहावा. रोज ठराविक वेळीं लागोपाठचीं तीन-चार रडारचित्रें पाहून पाऊस कोणत्या दिशेस सरकत आहे तें वहींत लिहावें, व आपल्या गांवीं तो खरोखर केव्हां आला तें पुढें मांडावें. घरांतील वडील माणसांसही त्यांत सामील करून घ्यावें. वाऱ्याची ओळख त्यांस आपल्याहून अधिक असते. एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी. चित्र होऊन गेलेल्या क्षणाचें असतें. उद्यांचा धोका हवामान विभागाच्या इशाऱ्यावरूनच जाणावा, आणि इशारा आला असतां चित्र स्वच्छ दिसतें म्हणून घराबाहेर पडूं नये.