गोंद सगळ्यात शेवटी

परभणीत मे महिन्यात मुलांचं हस्तकलेचं शिबिर घ्यायचं तर पहिली अडचण पंख्याची. लावला तर कागदाचे तुकडे उडतात, बंद ठेवला तर मुलं उकडून निघतात. म्हणून आम्ही सकाळी लवकर बसतो आणि प्रत्येकापुढे उभ्या काठाचं ताट ठेवतो. चेहरा ताटातच जुळवायचा.

गमतीदार चेहरे करायला विकतची पाकिटं लागत नाहीत. लग्नपत्रिकांना डाय मारणाऱ्या प्रेसमध्ये गोल, पानं, कमानी, जाळीचे तुकडे पोत्यानं पडलेले असतात. मागितले की मिळतात. कमान एका बाजूनं ठेवली की हसू, उलटी केली की रुसवा. पान आडवं ठेवलं की भुवई. त्यात गणपतीचे तुकडे निघाले तर तेवढे बाजूला काढा. सोंडेची मिशी केलेली पाहिली की कुणाची तरी आजी रागावतेच.

खरी काळजी घ्यायची ती सजावटीच्या बारीक वस्तूंची. एका शिबिरात बहिणीला न्यायला आईबरोबर आलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलानं सतरंजीवरचा मणी उचलून नाकात घातला. घरी नेऊन कुणीतरी केसांच्या पिनेनं काढायला गेलं, तर मणी आणखी आत सरकला. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. पोरगं बचावलं, पण तेव्हापासून नाकात काही अडकलं तर घरी कोरायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते. खेळण्यांच्या सुरक्षा मानकांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक माप आहे: सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या आखूड नळीत जो तुकडा पूर्ण मावतो, तो त्यांच्या हाती द्यायचा नाही. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे तेसुद्धा धोक्यातच आलं. टिकल्या, मणी, हलते डोळे यांची तर बातच सोडा. धाकटं भावंड घरात असेल तर डोळे कागदाचेच कापा.

लुकलुकणारे डोळे मात्र कोणत्याच वयाच्या मुलासाठी घेऊ नका. त्यांच्या आत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी वाट न पाहता दवाखान्यात न्या.

आता चेहऱ्याकडे. मुलं डोळे हमखास कपाळावर चिकटवतात आणि मग चेहरा मोठ्या माणसासारखा दिसतो. डोळे मध्याच्या खाली उतरवले, मोठे केले, गाल फुगवले की तोच चेहरा बाळाचा होतो. अशी ठेवण पाहून आपल्याला माया का वाटते, यावर कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञानं 1943 मध्ये लिहिलं होतं. आमच्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे बसवताना बायका नजर सरळ आहे ना, हे लांबून पाहतात. तसंच ताट लांब धरून पाहायचं. एक डोळा किंचित वर सरकवला की चेहरा खट्याळ होतो, भुवया आत झुकल्या की चिडतो. ही सरकवासरकव हीच सगळी मजा, आणि गोंद लागला की ती संपली. घाईनं चिकटवलेला तुकडा उपटायला गेलं तर खालचा कागदही सोलून येतो.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पातळ घोटीव कागदावर तो भरपूर फासला की कागद आधी फुगतो, मग वाळताना वळतो. म्हणून मागे पत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, गोंद काडीनं ठिपक्या-ठिपक्यांत लावा आणि वाळेपर्यंत वर वह्यांचं वजन ठेवा. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात उघडा ठेवलेला गोंद लगेच साय धरतो, तेव्हा वाटीत एका वेळी चमचाभरच काढा.

केसांना लोकर चालते. आजोबांच्या मिशीला मात्र घरचा कापूस घ्या, सरकी काढून. मानवत-सेलूकडच्या मुलांना तो मागावाही लागत नाही, दप्तरातूनच निघतो.